अनोळखी शब्दाचा माग कसा काढावा

अनोळखी शब्द कानावर पडला किंवा जुन्या कागदात अडला की बहुतेक जण आधी कोश उघडतात आणि तिथे तो न मिळाल्यास ‘असा शब्दच नाही’ असे ठरवून मोकळे होतात. खान्देशात ही घाई विशेष महागात पडते. जळगाव, धुळे आणि नंदुरबार या तीन जिल्ह्यांत मराठीच्या जोडीला अहिराणी, लेवा गणबोली, गुजरी, भिलीच्या अनेक बोली, पावरी, मावची, उर्दू आणि गुजराती नांदतात. सातपुड्याच्या पलीकडे निमाडी आहे आणि पश्चिमेला डांगी. २०११ च्या जनगणनेत खान्देशी ही मराठीहून वेगळी भाषा म्हणून मोजली गेली असून ती सांगणाऱ्यांची संख्या १८ लाखांहून अधिक आहे. एवढ्या माणसांच्या तोंडचे शब्द प्रमाण मराठीच्या कोशात सगळेच सापडावेत, ही अपेक्षाच मुळात चुकीची आहे.

शिक्षक, विद्यार्थी, जुनी दफ्तरे वाचणारे आणि घरातील वडीलधाऱ्यांची बोली टिपून ठेवू इच्छिणारे यांच्यासाठी पुढील पद्धत दिली आहे. तिचा आधार एकच आहे: शब्दाचे रूप, त्याचा अर्थ आणि त्याचे अस्तित्व हे तीन वेगळे प्रश्न असून त्यांची उत्तरे याच क्रमाने शोधावी लागतात. रूप निश्चित होण्यापूर्वी अर्थ शोधणे व्यर्थ असते, आणि अर्थ व वापर हाती आल्याशिवाय शब्द ‘आहे’ किंवा ‘नाही’ असे म्हणण्याला काही आधार नसतो.

प्रथम वाक्य टिपावे

सुटा शब्द कधीही टिपू नये. तो ज्या वाक्यात आला ते वाक्य जसेच्या तसे लिहावे, बोलणाऱ्याचे गाव, अंदाजे वय, घरची बोली आणि बोलण्याचा प्रसंग यांची नोंद करावी. छापील मजकूर असल्यास पुस्तकाचे किंवा दस्ताचे साल आणि पान लिहावे. ‘तुना आंडोर काय करस?’ हे अहिराणी वाक्य पूर्ण टिपले असेल तर ‘आंडोर’ हे नाम आहे, ते पुल्लिंगी आहे आणि ते माणसाविषयी आहे, एवढे कोश न उघडताच कळते. मग त्याचा अर्थ मुलगा आणि स्त्रीलिंगी जोडीदार ‘आंडेर’, हे समजायला वेळ लागत नाही. नुसता ‘आंडोर’ कागदावर असेल तर वाचणारा त्याला गावाचे नाव समजेल किंवा आडनाव.

शक्य असेल तेथे बोलणाऱ्याच्या परवानगीने मोबाइलवर ध्वनिमुद्रण करावे. देवनागरीत ‘च’ आणि ‘ज’ यांचे दोन-दोन उच्चार एकाच अक्षराने दाखवले जातात. ‘चमचा’ आणि ‘चहा’ यांतील फरक लिखाणात उमटत नाही आणि नेमका तोच फरक पुढे शब्दाची भाषा ओळखायला उपयोगी पडतो. कागदावर ‘चमच्यातला च’ किंवा ‘चहातला च’ असे शेजारी लिहून ठेवले तरी पुरते.

प्रत्यय सोडवावेत आणि ध्वनी उलटवून पाहावेत

कोशात शब्द मूळ रूपात असतो, तर तोंडात तो प्रत्ययासह येतो. मराठी माणूस ‘शेतात’ ऐकून ‘शेत’ शोधतो, कारण ते प्रत्यय त्याच्या अंगवळणी पडलेले असतात. परंतु ‘वावरमा’ ऐकल्यावर तोच माणूस ‘वावरमा’ हाच शब्द शोधत बसतो. अहिराणीत ‘मा’ हा ‘त’ या अर्थाचा प्रत्यय आहे, ‘ले’ हा ‘ला’ या अर्थाचा, ‘ना, नी’ हे ‘चा, ची’ या अर्थाचे आणि ‘लोकेस्ना’ यातील ‘स्’ हा अनेकवचनाची खूण आहे. हे काढून टाकल्यावर ‘वावर’ म्हणजे शेत उरतो, आणि तो मराठीच्या कोशातही आहे. गुजरातीतील ‘मां’ आणि ‘नो, नी’ यांच्याशी या प्रत्ययांचे साम्य लक्षात येण्यासारखे आहे. म्हणून मराठीत न लागणारे रूप गुजरातीच्या चौकटीत बसवून पाहणे ही चांगली सवय आहे.

त्यानंतर ध्वनी उलटवावेत. येथे सर्वांत उपयोगी पडणारा नियम ‘ळ’ च्या जागी ‘य’ येण्याचा आहे. तो समजावून सांगण्याची गरज जळगावकरांना पडू नये, कारण त्यांच्या शहराचे नावच खेड्यापाड्यांत ‘जयगाव’ असे ऐकू येते. डोळा म्हणजे ‘डोया’, काळा म्हणजे ‘काया’, शाळा म्हणजे ‘शाया’. अनोळखी शब्दात ‘य’ दिसला की तेथे ‘ळ’ घालून पुन्हा शोधावे. ‘न’ च्या जागी ‘ण’ घालावा, कारण ‘पानी’ आणि ‘लोनी’ ही रूपे सर्रास आहेत; आणि शब्दारंभी ‘व’ असेल तर ‘ओ’ घालून पाहावा.

बहिणाबाई चौधरींनी मनासाठी वापरलेले ‘वढाय’ हे विशेषण या कसोटीवर लावून पाहण्याजोगे आहे. शेवटचा ‘य’ बदलला की ‘वढाळ’ होते, पहिला ‘व’ बदलला की ‘ओढाळ’, आणि ओढाळ म्हणजे कळप सोडून दुसऱ्याच्या पिकात शिरणारे जनावर. दोन पावलांत शब्द प्रमाण मराठीच्या कोशात सापडतो. ‘चंचल’ असा भोवतालून काढलेला अर्थ चुकीचा नाही, पण त्यात उभे पीक, राखणदार आणि वारंवार हाकलावे लागणारे ढोर हे काहीच येत नाही; रूप नीट उलटवले तर ते सगळे मिळते.

एक सावधगिरी मात्र हवी. ‘ळ’ चा ‘य’ होणे हे केवळ अहिराणीचे लक्षण नाही. लेवा बोलीत आणि वऱ्हाडीतही तो बदल आहे. त्यामुळे या नियमाने मूळ शब्द सापडतो, बोली ठरत नाही. बोली ठरवायची तर प्रत्ययांकडे आणि क्रियापदांकडे पाहावे.

लिपी आणि संगणक यांचे घोटाळे

छापील किंवा डिजिटल मजकुरातील विचित्र शब्दांपैकी पुष्कळसे शब्द नसून अपघात असतात. जुन्या पुस्तकांची पाने यंत्राकडून वाचून घेतली जातात तेव्हा ‘घ’ चा ‘ध’ होतो, ‘भ’ चा ‘म’, ‘थ’ चा ‘य’, आणि ‘ख’ फुटून ‘रव’ होतो. म्हणून कोशाकडे वळण्यापूर्वी मूळ पानाचे चित्र डोळ्यांनी पाहिलेच पाहिजे. मोडी कागदांत अडचण वेगळी असते. मोडीत ऱ्हस्व-दीर्घाचा भेद सहसा पाळला जात नाही आणि शब्द एकमेकांना जोडून लिहिले जातात, त्यामुळे एका शब्दाचे शेपूट दुसऱ्याला लागून तिसराच शब्द जन्माला येतो. महसुली दफ्तरात अडलेला शब्द त्याच दफ्तरातील दुसऱ्या पानावर शोधणे हा त्यावरचा सर्वांत खात्रीचा उपाय आहे, कारण कारकुनाचे अक्षर आणि विषय दोन्ही तेच असतात.

संगणकावर शोध घेताना आणखी एक अडथळा येतो आणि तो दिसत नाही. ‘सांजोऱ्या’ या शब्दातील ‘ऱ्या’ दोन प्रकारे टंकित होतो: एकदा नुक्त्याच्या ‘ऱ’ ला हलंत जोडून आणि एकदा साध्या ‘र’ ला हलंत व एक अदृश्य जोडचिन्ह देऊन. पडद्यावर दोन्ही रूपे सारखीच दिसतात, पण संगणकाच्या लेखी ती वेगळी असतात. ‘ॲ’ या अक्षराचेही तसेच आहे. एका रूपाने काही न सापडल्यास दुसऱ्या पद्धतीने टंकित करून पुन्हा शोधावे. युनिकोडपूर्वीच्या फाँटमधील मजकूर रूपांतरित करताना मात्रा इकडच्या तिकडे होतात, हेही ध्यानात असू द्यावे.

तिसरी बाब जुन्या लेखनाची. १९६२ च्या लेखनविषयक नियमांनी उच्चारात नसलेले अनुस्वार काढून टाकले. त्यापूर्वीच्या कोशांत आणि पुस्तकांत ‘नांव’, ‘पांच’, ‘कांहीं’ अशीच रूपे आहेत. जुन्या कोशात शब्द न सापडल्यास अनुस्वार घालून पाहावा. ‘क्ष’ आणि ‘ज्ञ’ हे काही कोशांत अगदी शेवटी असतात, तर काहींत अनुक्रमे ‘क’ आणि ‘ज’ यांच्या पोटात, हेही आरंभीच तपासावे.

कोश कोणत्या क्रमाने पाहावेत

मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश आधी पाहावा. त्याची पहिली आवृत्ती १८३१ ची आणि सुधारलेली दुसरी १८५७ ची. बोलण्यातले, शेतीतले आणि हिणकस समजले गेलेले शब्दही त्यात मोकळेपणाने घेतले आहेत, आणि शिकागो विद्यापीठाच्या दक्षिण आशियाई कोशांच्या संकेतस्थळावर तो विनामूल्य शोधता येतो. त्यानंतर दाते आणि कर्वे यांचा महाराष्ट्र शब्दकोश. १९३२ ते १९३८ या काळात निघालेल्या त्याच्या सात खंडांत प्रांतिक शब्दांच्या नोंदी भरपूर आहेत आणि अनेकदा उदाहरणाचे वाक्यही मिळते. मुळाविषयी प्रश्न असेल तर कृ. पां. कुलकर्णी यांचा १९४६ चा मराठी व्युत्पत्ति कोश घ्यावा.

धुळ्याचा उल्लेख येथे केवळ गावाभिमानाने करत नाही. इतिहासाचार्य वि. का. राजवाडे यांचे १९२६ साली धुळ्यातच निधन झाले, पुढच्या वर्षी तेथे त्यांच्या नावाने संशोधन मंडळ उभे राहिले आणि त्यांनी जमवलेल्या धातूंच्या व नामांच्या व्युत्पत्तींचे कोश नंतर प्रसिद्ध झाले. राजवाड्यांच्या व्युत्पत्ती वाचकाला चालना देतात, परंतु प्रत्येक देशी शब्द संस्कृतापर्यंत नेऊन पोहोचवण्याचा त्यांचा हव्यास उघड दिसतो. त्यांचे म्हणणे दुसऱ्या आधाराशी ताडून पाहिल्याशिवाय पुरावा म्हणून वापरू नये, असे माझे मत आहे.

मराठीच्या कोशांत शब्द न मिळाल्यास राल्फ टर्नर यांचा भारतीय आर्यभाषांचा तौलनिक कोश उघडावा. १९६६ साली पूर्ण झालेल्या या कोशात सुमारे चौदा हजार नोंदी संस्कृत किंवा अनुमानित मूळरूपाखाली लावलेल्या असून प्रत्येक नोंदीत पंजाबीपासून सिंहलीपर्यंतची रूपे एकत्र मिळतात. मूळरूप ठाऊक नसेल तर सूचीचा स्वतंत्र खंड वापरावा. तेथेही न मिळाल्यास बरो आणि एमेनो यांचा द्राविडी व्युत्पत्तिकोश पाहावा. ग्रियर्सनच्या भारतीय भाषा सर्वेक्षणातील नवव्या खंडाचा तिसरा भाग १९०७ चा आहे. त्यात भिली आणि खान्देशी एकत्र घेतल्या आहेत. तो कोश नाही, पण प्रत्येक बोलीत बायबलमधील एकाच उधळ्या मुलाच्या गोष्टीचे भाषांतर दिलेले असल्यामुळे ‘मुलगा’, ‘बाप’, ‘शेत’ हे शब्द गावोगावी कसे बदलतात ते एका बैठकीत पाहता येते.

फारसी-अरबी मूळ असण्याची शक्यता खान्देशात नेहमी तपासावी. चौदाव्या शतकाच्या अखेरीपासून १६०१ मध्ये अकबराने असीरगड घेईपर्यंत येथे फारुकी सुलतानांचे राज्य होते आणि नंतर मोगली कारभार आला. जमीन, वसुली आणि न्याय यांविषयीचे शब्द त्या वाटेने आलेले असतात. बोलींवरील प्रबंध ‘शोधगंगा’ या संकेतस्थळावर पाहावेत. जळगावच्या कवयित्री बहिणाबाई चौधरी उत्तर महाराष्ट्र विद्यापीठाच्या परिसरात बोलींवर काम करणारे अभ्यासक आहेत, त्यांचीही मदत घ्यावी. प्रबंधांच्या शेवटी जोडलेल्या शब्दसूच्या कोशांपेक्षा कच्च्या असतात, पण पुष्कळदा नेमका हवा असलेला शब्द तेथेच भेटतो.

रूप एक, अर्थ चार

शब्द सापडला म्हणजे अर्थ सापडला असे होत नाही. ‘डांगर’ हा शब्द घ्या. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या सणाला, घागरीवर जे डांगर ठेवतात ते खरबुजाच्या जातीचे फळ असते आणि उन्हाळ्यात ते तापीकाठच्या वाळूतून बाजारात येते. मराठीत इतरत्र डांगर म्हणजे लाल भोपळा. कोकणात आणि पुण्याकडे डांगर म्हणजे उडदाच्या पिठाचे तोंडीलावणे. गुजरातीत डांगर म्हणजे भात, तेही साळीच्या अवस्थेतले. आणि हिंदी-पंजाबीकडे डांगर किंवा डंगर म्हणजे गुरेढोरे. नंदुरबारच्या व्यापाऱ्याच्या जुन्या वहीत ‘डांगर’ आले तर ते फळ की धान्य, हे कोणताही कोश सांगू शकणार नाही. ते त्याच ओळीतील मापावरून ठरेल: मण किंवा पोती असतील तर धान्याचा संभव अधिक, नग असतील तर फळाचा, महिना चैत्र-वैशाखाचा असेल तर फळाच्या बाजूने आणखी एक पुरावा मिळतो.

म्हणून कोशातील प्रत्येक अर्थ आपल्या वाक्यात घालून वाचावा आणि जो बसत नाही तो खोडावा. दोन अर्थ उरले तर दोन्ही लिहावेत. अधिक आकर्षक वाटणारा अर्थ उचलण्याचा मोह येथेच होतो.

धंद्यातील शब्दांच्या बाबतीत घटकांवरून अर्थ काढणे तर धोक्याचेच आहे. रावेर-सावद्याकडे ‘कांदेबाग’ म्हणजे कांद्याचे शेत नव्हे. सप्टेंबर-ऑक्टोबरच्या सुमारास लावलेल्या केळीला ते नाव आहे आणि पावसाच्या सुरुवातीच्या लागवडीला ‘मृगबाग’ म्हणतात. केळीच्या भावात ‘नवती’ आणि ‘पिलबाग’ असे वेगळे आकडे असतात, त्यातील पिलबाग म्हणजे आधीच्या झाडाच्या पिलांपासून घेतलेले पीक. पांझरा खोऱ्यात ‘फड’ म्हणजे बंधाऱ्याच्या पाण्यावर सामाईक पद्धतीने भिजणाऱ्या शेतांचा गट, आणि तमाशाचा किंवा कुस्तीचा फड हे त्याच शब्दाचे इतर वापर. असे शब्द ज्याच्या रोजच्या कामाचे आहेत त्यालाच विचारावेत.

माणसांना विचारण्याची रीत

‘या शब्दाचा अर्थ काय?’ हा प्रश्न सर्वांत कमी उपयोगाचा आहे. म्हातारी माणसे पाहुण्याला रिकाम्या हाती पाठवत नाहीत. शब्द माहीत नसला तरी काहीतरी सांगतात, आणि शिकलेला माणूस समोर असेल तर आपल्या शब्दाऐवजी प्रमाण मराठीतला शब्द पुढे करतात. त्यापेक्षा वस्तू, अवजार, झाड किंवा पदार्थ समोर ठेवून ‘आबा, याले तुम्ही काय म्हनतस?’ असे त्यांच्याच बोलीत विचारावे. वस्तू नसेल तर प्रसंग सांगावा आणि तो शब्द आपण होऊन उच्चारू नये. तो त्यांच्या तोंडून आला तर पुराव्याचे वजन कितीतरी वाढते.

एकमेकांशी रोज बोलणाऱ्या दोघांची साक्ष एकच धरावी. वेगळे गाव, वेगळा समाज आणि वेगळे वय असलेल्या व्यक्तींकडून तोच शब्द त्याच अर्थाने मिळाला तर तो स्वतंत्र पुरावा. स्त्रियांना आणि पुरुषांना वेगवेगळे विचारावे. जात्यावरचे, चुलीवरचे आणि कानबाई या खान्देशी देवीच्या सणातील रोटांचे शब्द पुरुषांना अर्धवट माहीत असतात आणि मोटेचे, बैलजोडीचे शब्द स्त्रियांना.

उत्तरांची विश्वासार्हता तपासण्याची एक युक्ती आहे. आपणच एक शब्द घडवावा, मराठी ध्वनींना शोभेल असा पण कोठेही नसलेला, आणि तो खऱ्या शब्दांच्या यादीत मिसळून विचारावा. त्याचाही अर्थ आत्मविश्वासाने सांगितला गेला तर त्या व्यक्तीच्या बाकीच्या उत्तरांना दुजोरा लागेल, हे समजावे. हीच कसोटी संगणकीय संवाद-साधनांना (चॅटबॉटना) आणि शब्दार्थ देणाऱ्या संकेतस्थळांना अधिक कडकपणे लावावी, कारण नसलेल्या शब्दाची व्युत्पत्तीसुद्धा अस्खलित मराठीत रचून देण्याची त्यांची हातोटी अजब आहे.

मूळ जोडताना

मूळ शोधताना दिसण्यातील साम्य पुरेसे नसते. ध्वनिबदलाचा नियम, अर्थाचा दुवा आणि शब्द आला असेल ती वाट, ही तिन्ही दाखवता आली पाहिजेत. ‘आखाजी’ हा शब्द त्या दृष्टीने पाहू. सण अक्षय्य तृतीयेचा आहे, म्हणजे अर्थाचा दुवा पक्का. राजस्थानात ‘आखातीज’ आणि गुजरातीत ‘अखात्रीज’ म्हणतात, म्हणजे वाटेवरचे मुक्कामही दिसतात. राहिला ध्वनी. संस्कृतातील ‘क्ष’ चे प्राकृतातून दोन मार्ग झाले. मराठीने बहुधा ‘स’ किंवा ‘श’ घेतला: क्षेत्र-शेत, मक्षिका-माशी, कुक्षि-कूस, इक्षु-ऊस, हिंदीकडे त्याच शब्दांचे खेत, मक्खी, कोख, ईख झाले. ‘आखाजी’ मधील ‘ख’ दुसऱ्या मार्गाचा आहे. लाख, पाख, राखणे हे ‘ख’ चे शब्द मराठीतही आहेत, त्यामुळे एवढ्यावरून शब्द उत्तरेकडून आला असे सिद्ध होत नाही. पण शेजारच्या भाषांतील रूपांशी त्याची जवळीक आहे, एवढे निश्चित म्हणता येते. व्युत्पत्तीची नोंद अशीच असावी, जेवढे दाखवता येते तेवढीच.

केवळ साम्यावर विसंबणाऱ्यांसाठी दोन उदाहरणे पुरेशी आहेत. ‘बदनाम’ मधील फारसी ‘बद’ आणि इंग्रजी ‘बॅड’ यांचा अर्थ एक, उच्चार जवळजवळ एक, आणि तरीही त्यांचा एकमेकांशी संबंध नाही. ऑस्ट्रेलियातील म्बाबरम या मूळनिवासी भाषेत कुत्र्याला ‘डॉग’ असाच शब्द होता, आणि इंग्रजीशी त्याचेही नाते नाही. जगात सात हजारांच्या आसपास भाषा असताना दोन-तीन अक्षरांचा कोणताही शब्द कुठे ना कुठे काहीतरी अर्थाने सापडणारच. म्हणून आडव्यातिडव्या भाषांत शोध घेण्यापूर्वी तेथून खान्देशात शब्द येण्याची वाट होती का, हे विचारावे. पोर्तुगीजांची होती, म्हणून बटाटा, पगार, चावी आले.

लोकव्युत्पत्ती ऐकाव्यात, टिपाव्यात आणि बाजूला ठेवाव्यात. ‘खान्देश’ या नावाचीच कोणी सुलतानांच्या ‘खान’ या किताबावरून फोड करतो, कोणी कान्हदेशावरून. लोक काय मानतात याचा तो पुरावा आहे, नाव कसे पडले याचा नव्हे.

‘असा शब्द नाही’ हे केव्हा म्हणावे

काटेकोरपणे बोलायचे तर कधीच नाही. सात हजार भाषा आणि त्यांच्या असंख्य बोली कोणी तपासलेल्या नाहीत, आणि पुष्कळ भाषांना छापील कोशच नाही. ‘अमुक कोशांत, अमुक गावांत, अमुक तारखेपर्यंत आढळला नाही’ हे प्रामाणिक उत्तर होय.

याच्या उलट, छापलेला शब्दही नसू शकतो. अमेरिकेतील वेबस्टरच्या १९३४ च्या मोठ्या कोशात ‘डॉर्ड’ असा शब्द ‘घनता’ या अर्थाने छापला गेला. घनतेसाठी मोठा किंवा लहान ‘डी’ हे संक्षेपाक्षर वापरतात, असे सांगणारी ‘डी ऑर डी’ अशी ती चिठ्ठी होती. अक्षरांमधील जागा गळली आणि नवा शब्द तयार झाला. चूक १९३९ साली लक्षात आली. अशा शब्दांना वॉल्टर स्कीट यांनी १८८६ मध्ये भूतशब्द म्हणून नाव दिले होते. एकाच कोशात असलेला, उदाहरणाचे वाक्य नसलेला आणि नंतरच्या कोशांनी नुसता उतरवून घेतलेला शब्द भूतशब्द असण्याचा संशय नेहमी धरावा. इंटरनेटवर शंभर ठिकाणी शब्दशः एकच व्याख्या दिसली तर त्या शंभर साक्षी नसून एक साक्ष आणि नव्याण्णव नकला असतात.

मुद्दाम घडवलेल्या शब्दांचा न्याय वापरावर करावा. ‘पेट्रिकॉर’ हा पहिल्या पावसाच्या गंधासाठीचा शब्द ऑस्ट्रेलियातील दोन शास्त्रज्ञांनी १९६४ साली बनवला. ‘सॉन्डर’, म्हणजे रस्त्यात भेटणाऱ्या प्रत्येकाचे आयुष्य आपल्याइतकेच गुंतागुंतीचे आहे ही जाणीव, हा २०१२ चा, एका लेखकाने स्वतः रचलेला. ‘महापौर’ आणि ‘दिनांक’ हे शब्द सावरकरांच्या खात्यावर जमा आहेत आणि आज कचेरीत त्यांच्यावाचून पान हलत नाही. घडवलेला म्हणून शब्द खोटा ठरत नाही. घडवणाऱ्याखेरीज इतरांनी तो समजावून न सांगता वापरला की तो भाषेत आला. गुरांच्या बाजारातील दलालांची सांकेतिक बोली किंवा मुलांची ‘च’ ची भाषा, ज्यात ‘कमल’ चे ‘चमलक’ होते, यांतील रूपे मात्र शब्द म्हणून न नोंदता मूळ शब्दाचे सोंग म्हणून नोंदवावीत.

बारशाच्या निमित्ताने येणारे प्रश्न वेगळे हाताळावेत. ‘अयांश’ हे नाव ‘प्रकाशाचा पहिला किरण’ या संस्कृत अर्थाने सगळीकडे फिरते. मोनियर-विल्यम्स यांचा १८९९ चा किंवा आपटे यांचा १८९० चा संस्कृत कोश घेऊन घटक तपासावेत: ‘अय’ म्हणजे गमन किंवा सुदैव, ‘अंश’ म्हणजे भाग. संधी व्याकरणाला धरून आहे, समास होऊ शकतो, पण त्यातून किरणही निघत नाही आणि प्रकाशही. नाव ठेवायला हरकत काहीच नाही. अर्थ मात्र संस्कृतचा म्हणून सांगू नये.

नोंद कशी ठेवावी

प्रत्येक शब्दाला एक कार्ड किंवा वहीचे एक पान द्यावे आणि नोंद पुढीलप्रमाणे करावी.

वढाय. विशेषण. उच्चार लिहिल्याप्रमाणे. बोली: लेवा गणबोली. अर्थ: कळप सोडून परक्या पिकात शिरणारे (जनावर), त्यावरून, आवर न मानणारे (मन). रूपे: वढाळ, ओढाळ, ‘ळ’ चा ‘य’, आरंभीच्या ‘ओ’ चा ‘व’. आधार: लिखित, बहिणाबाई चौधरी, कोश, ‘ओढाळ’ खाली. तोंडी साक्षी: गाव, वय, तारीख, वाक्य. शंका: गुरांविषयीचा वापर आज कोणकोणत्या गावांत आहे, विचारावे.

शेवटचा ‘शंका’ हा रकाना कधीही रिकामा ठेवू नये. ज्या शब्दांचे काहीच हाती लागले नाही त्यांची पानेही फाडू नयेत. त्यावर कोठे शोधले ते तारखेसह लिहावे आणि आखाजीला माहेरवाशिणी गावोगावहून परत येतात तेव्हा ती पाने पुन्हा बाहेर काढावीत.